पॉइंट चारचा खोका

"सर, हा नको. आठवाला द्या."

काखेतल्या टाक्यांमुळे तिचा हात वरच्या फळीपर्यंत जात नव्हता, म्हणून इन्सर्टचा खोका सरांनी काढून दिला होता. पॉइंट चार मायक्रॉनचा.

"हाच वापर," सर म्हणाले.

"चष्मा घरी राहिला वाटतं!" ती हसली. सर हसले नाहीत.

इन्सर्ट म्हणजे बोटाच्या पेराएवढा पेला, तळाला छिद्रांचा पडदा. खोक्यावरचा आकडा छिद्राच्या मापाचा. त्यात रुग्णाच्या गाठीतल्या पेशी आणि नवं औषध घालायचं. पेशी पडद्याखाली उतरल्या नाहीत, तर औषध लागू. रुग्णाला ते मिळणार. उतरल्या, तर पुढे दुसरं औषध नव्हतं. आठच्या छिद्रातून पेशी अंग चोरून निसटते. पॉइंट चारमधून औषध नसतानाही निसटत नाही.

"ह्यातून काय जाणार, कपाळ? रिपोर्ट चांगलाच येईल."

"येऊ दे की एकदा."

"आणि एक्केचाळीस नंबरचं जे कुणी असेल, त्याला खोट्या आशेवर ठेवायचं? घरी पोरंबाळं असतील, सर."

सरांनी पॉइंट चारचा खोका पुन्हा तिच्यापुढे सरकवला. औषध कंपनीचा माणूस सकाळीच येऊन गेला होता. ज्यांचं बोट धरून हे काम शिकले, तेही विकले गेले? स्टुलावर चढून तिने डाव्या हाताने आठचा खोका ओढला.

दुपारी लेकीचा फोन. "आई, आज तरी उचलून घेशील?"

"टाके निघू देत, चिमणे. मग दिवसभर कडेवर."

तिसऱ्या दिवशी तिने पडदा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. खालची बाजू रंगवलेल्या पेशींच्या जांभळ्या ठिपक्यांनी भरून गेली होती. औषध घालूनही. कुणासाठी कोण जाणे, तिचे डोळे भरून आले. पण तिने लिहिलं, 'औषध लागू नाही.'

सरांनी कागद कितीतरी वेळ हातात धरला. मग सही केली.

सही झाल्यावरच कुलपातली यादी काढायची आणि नंबरावरून पाकिटावर नाव घालायचं, असा शिरस्ता होता. यादी आजवर सरांखेरीज कुणी पाहिली नव्हती. ते नाव सांगत, ती लिहीत असे.

"पाकीट मी करतो," सर म्हणाले. "तू घरी जा. पोरीला जवळ घे जरा."

"माझं काम आहे ते," ती तुटकपणे म्हणाली आणि यादी त्यांच्या हातातून ओढून घेतली.

एक्केचाळीस. काखेतली गाठ. वय एकतीस. जवळचं माणूस, नवरा. आणि पुढे तिला तोंडपाठ असलेला फोन नंबर.