गारगोटीतलं तांबं

कॅनडाच्या आर्क्टिक किनाऱ्यावरच्या कुग्लुक्तुक गावाच्या सभागृहात खाणवाल्यांनी टेबलावर दगड ठेवला. पांढऱ्या गारगोटीत तांब्याची शीर चमकत होती. लोक खवळले, कारण हा दगड ज्या काळ्या ज्वालामुखी खडकांतून आला, त्यांच्याच आडोशाला गाव ज्यांच्यावर जगतं ती कॅरिबू हरणं वितात. “जागा कुणी दाखवली यांना?” गावप्रमुख बाईंनी विचारलं. कानायोकने मान खाली घातली. त्या खडकांत तांबं नेमकं कुठे आहे, हे फक्त त्याला आणि त्याला वाढवणाऱ्या काकांना ठाऊक होतं. नव्या बर्फगाडीच्या मोहात त्यानेच खाणवाल्यांना तिथे नेलं होतं. तेवढ्यात काठी टेकत काका उठले. “मी दाखवली. म्हातारपणी जीभ सैल होते.” “कितीला विकलीस रे म्हाताऱ्या? चहाच्या डब्याला?” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. आपल्यावर संशय नको म्हणून कानायोकही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. काकांनी एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. “चल बाळा,” ते म्हणाले, “घरी सोड मला.” कानायोकला खुर्चीवरून उठवेना.