घोडी रुळली

मास्तरांनी हातातला दोर सोडला, तरी घोडी तशीच गोल फिरत राहिली. पाठीवर मालकांची मुलगी होती. तिने जीभ टाळूला लावून टक् असा आवाज काढला. घोडीने कान टवकारले आणि ती दुडक्या चालीने धावू लागली. कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या मालकांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तर दुसऱ्या राज्यातून इथे आले होते, ते या घोडीपायीच. तिथल्या एका तबेल्यात ते घोडेस्वारी शिकवायचे. मालकांनी तिथली ही घोडी मुलीसाठी विकत घेतली, तेव्हा कळलं की ती मास्तरांच्या शब्दाशिवाय पाऊल उचलत नाही आणि काकूंशिवाय तबेल्यात उभी राहत नाही. काकू म्हणजे शेळी. नव्या जागी एकटी घोडी झुरते, दाणापाणी सोडते, म्हणून तिच्या सोबतीला शेळी ठेवायची पद्धत आहे. मालकांनी शेळी उसनी मागून घेतली आणि मास्तरांना नोकरी दिली. मालकांच्या गाडीत पुढे ड्रायव्हर आणि मागे हे तिघं, अशी वरात निघाली होती.

घोडी रुळली की तबेल्यावरच्या दोन खोल्या तुमच्या, असं मालक तेव्हा म्हणाले होते. मग बायको-मुलीला खुशाल घेऊन या.

तोवर बायको आणि मुलगी बायकोच्या भावाकडे राहत होत्या. भाऊ भला माणूस होता. वहिनी तोंडाने काही बोलत नसे, नुसती भांडी आपटायची. मुलगी आता जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेत नाही, असं बायकोने एकदा फोनवर दबक्या आवाजात सांगितलं. त्या रात्री मास्तरांच्या घशाखाली घास उतरला नाही.

म्हणून ते घोडीच्या मागे हात धुऊन लागले. घोडीला ओळखीचा वास यावा म्हणून त्यांनी आपलं जुनं जाकीट मालकांच्या मुलीच्या अंगात चढवलं. घोडीला कसं थोपटायचं, कधी रागवायचं, कधी नुसतं गप्प राहायचं, सगळं तिला शिकवलं. आणि तो टक् आवाज, जो त्यांनी आजवर जिवाभावाच्या मित्रालाही सांगितला नव्हता, तोही देऊन टाकला. घोडी लवकर रुळली तर खोल्या लवकर मिळणार, इतका साधा हिशोब होता.

काकू मात्र काही करत नव्हत्या. दिवसभर घोडीच्या पायाशी बसून रवंथ करायच्या. मध्येच त्यांनी मालकांच्या मुलीचा हातमोजा खाल्ला, मग खोगिराचा पट्टा कुरतडला. तबेल्याच्या मॅनेजरने कपाळाला हात लावला. आपण घाम गाळायचा आणि यांनी बसून खायचं, असलं नशीब काढायला पुण्य लागतं, असं मास्तर हसत हसत म्हणायचे.

टाळ्या थांबल्यावर मास्तरांनी रिंगणातूनच घरी फोन लावला. सामान बांध म्हणाले.

"अहो, पण नक्की ना?" बायकोने विचारलं. "तसं असेल तर वहिनींना सांगून टाकते."

"सांग. ताठ मानेने सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी अंगणात उभी होती. आपलं सामान आणायलाच ती काढली असणार, असं मास्तरांना वाटलं. मालक चहाचा कप घेऊन बाहेर आले. घोडी छान रुळली म्हणाले, मास्तरांचे उपकार विसरणार नाही म्हणाले. शेळी परत पाठवतोय, गाडी तिकडे चाललीच आहे, तर तुम्हीही तिच्यातूनच जा. मास्तर खूश झाले. गाडी तिकडे एक दिवस थांबेल का, म्हणजे बायको-मुलीला सामानासकट घेऊन येतो, असं त्यांनी विचारलं.

मालक कपात बघत म्हणाले, "परत यायचं नाहीये, मास्तर. आता तुम्हाला इथे काम कुठे उरलंय?"

घोडी माझ्याशिवाय राहायची नाही, हे मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण ती राहते, हे त्यांनीच काल सगळ्यांसमोर दाखवलं होतं. जुन्या तबेल्यात त्यांच्या जागी केव्हाच दुसरा माणूस आला होता. भावाच्या घरी वहिनींना सांगून झालं होतं. ते मुकाट्याने बॅग भरायला गेले. जाकीट मालकांच्या मुलीच्या खुंटीवर लटकत होतं. ते मागायची त्यांना लाज वाटली.

मास्तर मागे काकूंच्या शेजारी बसले. काकू त्यांच्या बॅगेचा पट्टा चघळायला लागल्या. त्यांनी चघळू दिला. गाडी फाटकाबाहेर पडली आणि तबेल्यातून घोडीचं खिंकाळणं ऐकू आलं. पुन्हा आलं. मग फळ्यांवर लाथा बसू लागल्या, मुलीची टक् टक् ऐकू आली, आणि लाथा आणखीच वाढल्या.

जनावराला कळतं, माणसाला कळत नाही, असं मास्तरांना वाटलं आणि डोळे भरून आले. मागून मॅनेजर हात हलवत धावत येत होता. गाडी थांबली. मास्तरांनी डोळे पुसले, बॅग खांद्याला लावली आणि एक पाय खाली टाकला.

मॅनेजरला धाप लागली होती. तो मास्तरांच्या नजरेला नजर देईना.

"तुम्ही बसा, मास्तर," तो म्हणाला. "शेळी तेवढी उतरवून द्या."