एकशे त्र्याण्णवावं नाव

म्हातारी परत छपरावर होती. तेजस्वीनं तिला तिसऱ्यांदा बोटीत घेतलं, उंचावरच्या शाळेत नेऊन उतरवलं, गेम सेव्ह केला, बंद केला आणि पुन्हा चालू केला. बाकीचं गाव शाळेत सुखरूप. ही बाई मात्र हिरवं लुगडं नेसून आपली छपरावरच, चारी बाजूंनी पाणी.

तेजस्वी नेसरीची, चित्रं काढणारी. सम्मेद प्रोग्राम लिहिणारा. मंगळवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर दोघं दोन वर्षं हा पुराचा गेम घडवत होते, तोही वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या, हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी. असल्या जुन्या यंत्रांच्या नव्या कॅसेटी हौसेनं विकत घेणारे लोक जगात आहेत. त्या काढून देणारी एक परदेशी कंपनीही मिळाली होती. पण कंपनीनं काल साफ कळवलं होतं: म्हातारीची चूक उद्या संध्याकाळपर्यंत काढा, नाहीतर कॅसेट निघणार नाही. दोन वर्षांची मेहनत एका म्हातारीपायी पाण्यात जायची वेळ आली होती.

लोक एका बारशाचे चारशे फोटो मोबाइलमध्ये कोंबतात आणि इथं हे दोघं पाचशे बारा बाइटसाठी भांडत होते. सेव्ह करायला कॅसेटमध्ये जागाच तेवढी. त्यातली निम्मी दुसऱ्या प्रतीला, कारण सेव्ह होता होता बॅटरी संपली तर पहिली प्रत गेलीच म्हणून समजायचं. उरलेल्या जागेत बोट कुठं आहे, डिझेल किती उरलं, दिवस कितवा, आणि गावातली माणसं. एका माणसाला एक बिट, म्हणजे बाइटाचा आठवा भाग. शून्य म्हणजे तो अजून पाण्यात, एक म्हणजे शाळेत. एक झाला की यादीत नावापुढे टिक पडायची आणि मग त्या घराला बोट लागायचीच नाही. हा नियम सम्मेदचा. एकशे ब्याण्णव माणसांचे चोवीस बाइट काठोकाठ भरलेले. म्हातारी एकशे त्र्याण्णवावी.

"दादा, एका बिटाचा तर प्रश्न हाय की," तेजस्वी म्हणाली.

"जागा न्हाय," सम्मेद वर न बघता म्हणाला आणि जेवायला घरी निघून गेला.

ती म्हातारी कोण हे तेजस्वीला केव्हाच कळलं होतं. बाकीच्या गावाची चित्रं सम्मेदनं एका नजरेत पास केली होती. हिच्या लुगड्याचा हिरवा रंग मात्र त्यानं पाच वेळा बदलून घेतला. पदर डोक्यावरून, पण कपाळ दिसलं पाहिजे. पाठीला जरा पोक. त्याची आई सीताबाई एकोणीस सालच्या महापुरात गेली. नृसिंहवाडीच्या पलीकडे त्यांचं गाव. दोन वर्षांत तो याबद्दल एकच वाक्य बोलला होता आणि पुढचं विचारायची तेजस्वीची छाती झाली नव्हती.

आज तिला त्याचा रागही आला आणि कीवही आली. अख्ख्या गावाला जागा देतो आणि आईला एक बिट मिळत नाही? तिनं त्याचा प्रोग्राम उघडला. तिला त्यातलं फार कळत नव्हतं, पण दोन वर्षांत कानावर पडून पडून पुरेसं कळत होतं. तासाभरात सापडलं. बोटीचे रंग चारच होते, त्यांना दोन बिट पुरले असते. सम्मेदनं तीन अडवून ठेवले होते. एकेका बिटासाठी तिचा जीव खाणारा माणूस, आणि हा एक असा उघड्यावर टाकून दिलेला! तिनं तो उचलून म्हातारीला दिला. एकदा खेळून बघितलं, दोनदा बघितलं. छप्पर रिकामं. तिला रडूच आलं. खऱ्या पुरात झालं नाही ते निदान इथं तरी झालं, असं तिला वाटलं. न विचारता तिनं गेम कंपनीला पाठवूनही दिला.

सम्मेद आला तोवर उत्तर आलं होतं. चूक निघाली, कॅसेटी काढायला घेतल्या.

"बघ दादा," तेजस्वीनं यंत्र त्याच्या हातात दिलं. "आईला आणली मी शाळेत."

सम्मेदनं पडद्याकडे बघितलं. रिकामं छप्पर. यादी उघडली. सगळ्यात खाली आईचं नाव, नावापुढे टिक. तो हसेल, नाहीतर रडेल तरी, म्हणून तेजस्वी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं बोट वळवली आणि त्या घराच्या भिंतीला नेऊन भिडवली. मागे घेतली. परत भिडवली. त्याचा अंगठा बटणावरून हलेना.

"अरे, टिक झालेल्या घराला बोट लागत न्हाय," ती घाबरून म्हणाली. "तूच केलायस की हा नियम."

"व्हय," सम्मेद म्हणाला. "म्हणून तर आईला बिट दिला न्हवता. त्या पुरात बोटीची यादी माझ्याच हातात होती. आई दारात उभी होती, आता बोटीत बसतीयाच म्हणून मी आधीच टिक मारली. ती म्हशीचं दावं सोडायला आत गेली, आणि टिक बघून परत त्या घराला बोट गेलीच न्हाय."