मधला दिवस

गाडी थांबली तेव्हा दोन्ही बाजूंना नुसती शेतं होती. आधी पंखे बंद झाले, मग बोलणी. थोड्या वेळाने पुढच्या डब्यातून बातमी आली, इंजिनात बिघाड आहे, दुरुस्तीला माणूस बोलावलाय.

थोरल्याने धाकट्या भावाला फोन लावला. "अरे, रखडलो आम्ही. हो, आई बरी आहे. औषधांची पिशवी माझ्याकडेच आहे, उतरल्यावर तुझ्या हातात देतो. कॉट बाहेरच्या खोलीत लावलीस ना? बरं केलंस. आणि चारला डॉक्टर, आहे माझ्या लक्षात."

आई समोर बसली होती. सहा महिने थोरल्याकडे झाले, आता सहा महिने धाकट्याकडे. तिची बॅग तिच्या पायांशी होती आणि तिच्याबद्दलची बोलणी तिच्या डोक्यावरून ये-जा करत होती.

खिडकीपाशी चष्म्यांचा एक दुकानदार होता, मांडीवर काचांची पेटी सांभाळत. त्याच्यासमोर, रात्रपाळी उरकून घरी निघालेली एक नर्स. गाडी अडली की माणसं सुटतात, तशी ही दोघं सुटली.

"हे काहीच नाही," दुकानदार म्हणाला. "आमच्या लहानपणी गाडी बंद पडली की लोक खाली उतरून पत्ते मांडायचे. एकदा इंजिन झालं की हो दुरुस्त, पण ड्रायव्हरचा डाव ऐन रंगात आलेला. मग काय, बसलो सगळे."

"माझे मामा जवळच्या गावाला निघाले तरी दाढीचं सामान बरोबर घ्यायचे," नर्स म्हणाली. "म्हणायचे, निघताना केलेली दाढी पोचेपर्यंत टिकत नाही."

थोरल्याचा चेहरा खुलला. "मग आमच्या वडिलांची ऐका. लग्न लागलं, वऱ्हाड परत निघालं आणि भर उन्हात इंजिन बसलं. प्यायचं पाणी संपलं, बाबांचे नवे बूट चावायला लागले, आजोबा गार्डशी हमरीतुमरीवर आले. अशात कुणीतरी ओरडलं, नवरी कुठाय? डब्यात नाही. फलाटावर बघावं तर फलाटच नाही. सगळं वऱ्हाड शोधायला पांगलं. सापडली कुठे, तर कालव्याच्या काठी. माहेरच्या आठवणीने ढसाढसा रडत बसलेली." तो आईकडे बघून हसला. "चार माणसं जमली की बाबा हे सांगणारच. शेवटी रडण्याची नक्कलसुद्धा करायचे."

"रडत नव्हते मी," आई म्हणाली.

"काय?"

"तोंड धुतलं होतं. गार पाणी होतं. पाय सोडून बसले होते."

"अगं, पण बाबा तर..."

"ते इतके रंगात येऊन सांगायचे. आणि मी रडत होते म्हटलं की सगळ्यांना बरं वाटायचं."

नर्स हसली, मग तिचं हसू थांबलं. "एकट्याच बसला होतात, आजी? भीती नाही वाटली?"

"कशाची गं? एक घर मागे राहिलं होतं, दुसरं अजून आलं नव्हतं. तिकडची लेक नाही, इकडची सून नाही. ऊठ म्हणणारं कुणी नाही, बस म्हणणारं कुणी नाही. पलीकडच्या काठावर एक बाई धुणं धूत होती. तिने नाव विचारलं. नुसतं नाव. कुणाची, कुठली, काही नाही. मी सांगितलं. ती म्हणाली, छान आहे. परत धुवायला लागली."

दुकानदाराने पेटीवरचा हात काढला.

"मग हे आले हाका मारत," आई म्हणाली. "इंजिन झालं होतं. दोन घरांच्या मधला तेवढाच माझा दिवस. दिवस कसला, एक दुपारच ती. पण पुरली मला बरीच वर्षं."

हा किस्सा थोरल्याला तोंडपाठ होता आणि त्यातली ही बाई त्याने कधी पाहिलीच नव्हती.

"आई, तुला जायचंय ना त्याच्याकडे?"

"जायचंय की. पोटचा आहे माझ्या. सहा महिन्यांनी तुझ्याकडेही येईनच."

"मग?"

"मग काही नाही. त्या इंजिनवाल्याच्या मागे घाई लावू नकोस, एवढंच."

गाडीला हिसका बसला. पंखे कुरकुरत फिरायला लागले. "सुटलो बुवा," मागून कुणीतरी म्हणालं आणि डबाभर माणसं सावरून बसली. आई सावरली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती, कुणी अर्ध्यातून उठवावं तशी.

थोरल्याचा फोन वाजला. त्याने तो हातात तसाच धरला, मग कानाला लावला.

"दादा, निघालात का?" धाकट्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "डॉक्टरांना काय कळवू?"

"उद्याची वेळ घे," थोरला म्हणाला. "गाडी अजून उभीच आहे. आम्ही संध्याकाळच्या गाडीने येतो."

"संध्याकाळच्या? एवढा काय बिघाड झालाय?"

फोनवर तळवा ठेवून थोरला हळूच म्हणाला, "पुढच्या स्टेशनावर उतरू, आई, संध्याकाळपर्यंत बसू कुठेतरी." आई त्याच्याकडे वळली होती.

"इंजिनच बदलणार म्हणे," दुकानदार फोनच्या दिशेने मोठ्याने म्हणाला आणि पेटीचं कुलूप नीट बघत बसला.

बाहेर खांब एकेक करून मागे सरकू लागले होते. नर्स उठली आणि चाकांचा आवाज आत येऊ नये म्हणून तिने खिडकी खाली ओढली.