फळ्यावरची उलटी अक्षरं

महामारीत शाळा बंद होत्या, त्यामुळे बी.एड.च्या छात्राध्यापिकेला परीक्षेचा पाठ मोबाइलवरूनच द्यायचा होता. सेल्फी कॅमेऱ्यात फळ्यावरची अक्षरं उलटी दिसत, म्हणून तिनं घाम गाळून उलटं लिहायची सवय केली. परीक्षेच्या दिवशी पाठाचं नाव स्क्रीनवर कसं सुलट, मोत्यासारखं उमटलं!

"ताई, आम्हाला उलटं दिसतंय!" मुलं ओरडली.

कॅमेरा उलटं फक्त आपलं आपल्यालाच दाखवतो, समोरच्यांना नाही, हे उमगलं आणि तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात परीक्षक बाई म्हणाल्या, "वा! 'आरशातली प्रतिमा' हे नाव अगदी आरशातल्यासारखंच लिहिलंत! पैकीच्या पैकी! सुचलं कसं हो तुम्हाला?"



शब्दन् शब्द खणखणीत ऐकू येत असताना ती मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, तुमचा आवाज तुटतोय."