ओळंबा

"दुर्बिणीतली फुली कललीय, रेनो." लेनर्डने रिकामी बंदूक स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. "रागावू नकोस, पण दुर्बीण तू वाकडी बसवलीस."

रेनो कांगसने डोळा लावला. सुपीरियर सरोवराच्या या काठावरच्या निम्म्या बंदुकांवर दुर्बिणी त्यानेच बसवलेल्या. चाळीस वर्षं, पाणसळ न लावता, नुसत्या नजरेने. या आठवड्यात परत आलेली ही तिसरी. हरणांच्या शिकारीचा हंगाम परवावर आलेला.

"सरळ तर आहे! तुझीच मान वाकडी."

"मग एका आठवड्यात तीन माना वाकड्या झाल्या म्हणायच्या."

रेनोच्या बायकोने, एल्माने, दोघांपुढे कॉफी सरकवली. तिला नवऱ्याचा राग आला आणि कीवही आली. सोमवारपासून त्याने घरातल्या सगळ्या तसबिरी 'सरळ' केल्या होत्या आणि ती मागून एकेक पूर्ववत करत होती. चष्मा बदल म्हटलं की अंगावर यायचा. पण लोक बंदुका दुसरीकडे न्यायला लागले, तर हा हिवाळाभर सौनाच्या वाफेत एकटा बसून झुरेल, हे तिला माहीत होतं. तिने खणातून त्याचाच ओळंबा काढला. कुणी शंका घेतली की रेनो तोच टांगून दाखवायचा.

"याचं तरी ऐकशील ना?"

"त्याचं ऐकेन. तुमचं नाही."

एल्माने खिडकीच्या खिळ्याला दोरा बांधला. शिशाचा गोळा झुलला, हळूहळू थांबला. लेनर्डने बंदूक शिकंज्यात धरली, वर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आणला. रेनोने दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू सैल केले आणि डोळा लावून दुर्बीण केसाकेसाने फिरवली. फुलीची उभी रेघ दोऱ्यावर बसल्यावर त्याने स्क्रू आवळले.

लेनर्डने वाकून पाहिलं. "वा! आता कशी झक्क जुळली."

एल्माचा जीव भांड्यात पडला. रेनो मात्र मागे सरकून खिडकीकडे बघत राहिला.

"जुळली खरी," तो म्हणाला. "पण एल्मा, दोराच वाकडा टांगलायस तू."

लेनर्ड हसला. एल्मा हसली नाही. तिने एकदा त्या निश्चल गोळ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि खुंटीवरचा त्याचा कोट उचलला.

"लेनर्ड, गाडी काढ," ती म्हणाली. "ओळंबा कधी वाकडा लोंबत नाही. हे चष्म्याचं नाही, डोक्यातलं काहीतरी आहे. याला दवाखान्यात न्यायचंय. आत्ताच."