दोघींभोवतीची रेघ

"ह्या दोन काढून टाक," म्हणत उत्तरेश्वर मुकादमानं काचेवर बोट टेकवलं. शिवांजलीनं ते बोट आधी बाजूला केलं. कॉम्प्युटर नवा होता आणि मुकादमाच्या बोटाला चुना होता.

केजला मल्लिनाथअप्पांच्या किराणा दुकानाच्या माडीवर त्यांच्या लेकीनं, शिवांजलीनं, कॉम्प्युटर मांडला होता. यंदा कारखान्यानं मुकादमांच्या मागं नवंच खूळ लावलेलं. ऊसतोडीच्या तळावर कुणाची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, कुठं पडणार, ते म्हणे कॉम्प्युटरवर काढून आणा. एक चौकट म्हणजे एक कोयता, नवराबायकोची जोडी. सगळ्या जोड्या नीट बसल्या. उरल्या दोन चौकटी, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघी विधवा.

"अर्धा कोयता कारखाना घेत न्हाई. मी तरी काय करू?"

"मग दोघींचा मिळून एक धर की," गीताबाई दारातून म्हणाली. त्या दोघींतली ती एक. मघापासून उभीच होती. "दगडाबाई तोडती, मी मोळ्या बांधते."

"मग एका कोपीत ऱ्हावा."

"कशी ऱ्हाऊ? तिला त्या टोकाला भावाची लेकरं बघायची. अन् माझ्या लेकीला, मंगलला, सातवा महिना लागलाय. तिच्या शेजारून मी हलणार न्हाई. तळावर तिला दुसरं बाईमाणूस कोण हाय?"

मुकादम माणूस वाईट नव्हता, पण कारखान्यापुढं त्याचंही काही चालत नसे.

शिवांजलीनं पिवळा रंग घेऊन दोघींवरून एक चौकोन ओढला. मधले चार संसारही त्यातच आले.

"आता समदा तळच एका घरात," मुकादम हसला.

तिनं तो पुसला. कॉम्प्युटरातला तयार आकार एकही कामाचा नव्हता. मग ती स्वतःच एकेक टिंब देत निघाली. रेघ दगडाबाईच्या चौकटीभोवती फिरली, दोन रांगांमधल्या वाटेनं बारीक होऊन गेली, मंगलच्या चौकटीला वळसा घालून तिनं गीताबाईला कवेत घेतलं आणि ती माघारी येऊन मिळाली. आकार वेडाबागडाच झाला, पण आत दोघीच होत्या.

"हा एक कोयता. लिहू तसं?"

मुकादमानं मान डोलावली. "लिही. कुणी विचारलं तर मी हाय."

गीताबाई आत आली. "लई उपकार झाले बाई तुझे," म्हणत तिनं शिवांजलीच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. डोळे भरले होते, ते पुसायचं तिला सुचलं नाही.

मग ती काचेजवळ वाकली. "यात आमची मंगल कुठली?"

शिवांजलीनं दाखवली.

"सगळ्यांसारखीच दिसती की."

शिवांजलीनं मंगलच्या चौकटीची एक बाजू धरली आणि हळूच बाहेर ओढली. चौकटीला पोट आलं.

"आता ह्याचं काय सांगू कारखान्याला?" मुकादमानं कपाळाला हात लावला.

"सांग," गीताबाई म्हणाली, "आई संगं हाय तिची."